सासूबाईंची न्हाणी आणि रामीरोचा परवाना

न्हाणीघर नवं करायला तीन आठवडे लागतील, असं रामीरो ब्रॅकमाँटे म्हणाला, तेव्हा वेंडेल पेनरोज मास्तरांनी ते कागदावर लिहून खाली त्याची सही घेतली. चौतीस वर्षं कॉपर फ्लॅट गावच्या शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. लिहून घेतलेली गोष्ट घडते, यावर त्यांचा विश्वास होता. रामीरो एकेकाळी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून गेलेला. आता त्याची पांढरी गाडी गावभर फिरे आणि तिच्या दारावर त्याच्या नावापेक्षा मोठ्या आकड्यांत कंत्राटदाराचा परवाना क्रमांक रंगवलेला असे.

तो क्रमांक मास्तरांनी परवाना खात्याच्या यादीत ताडून पाहिला. एकोणीस वर्षांत तक्रारी किती, तेही पाहिलं. एकही नव्हती. मग रामीरोच्या पुढच्या क्रमांकाचा परवाना कोणाचा, तेही पाहिलं. तो पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या एका बाईंचा निघाला. याचा आपल्या न्हाणीशी काडीचा संबंध नाही हे मास्तरांनाही कळत होतं, पण कामापुरतं बघून थांबणं त्यांना जमत नसे. याला ते चौकसपणा म्हणत. त्यांची बायको लोइस वेगळा शब्द वापरायची.

घाई होती ती लोइसच्या आईसाठी. ऑगस्टाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. सप्टेंबर लागता लागता त्या अंगणात मांजरीला हाकलताना पडल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथला खर्च विमा कंपनी पंधरा नोव्हेंबरपर्यंत देणार होती, पुढे एक दिवस नाही. घरी सोडायचं तर तळमजल्यावर उंबरा नसलेली, भिंतीला धरायचे दांडे असलेली न्हाणी पाहिजे, आणि ती केंद्राची बाई येऊन तपासणार. नसेल तर हमरस्त्यावरच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी एक खाट तयार होती. ऑगस्टाबाईंनी लेकीला एवढंच सांगितलं होतं, की मी एकतर घरी येईन, नाहीतर कुठेच जाणार नाही. त्या बाईचं बोलणं गावात कोणी हसण्यावारी नेत नसे.

पहिल्या चार दिवसांत रामीरोने जुनी न्हाणी अशी उखडली, की आत उभं राहिलं तर जमिनीतली माती दिसावी. मग रेल्वे रुळांपलीकडच्या वेरा पोपोविच यांच्या वखारीतून टाइल्सची खोकी येऊन पडली. नळ बसले, भिंती उभ्या राहिल्या, आणि एका मंगळवारी रामीरो आलाच नाही. बुधवारी फोन केला तर म्हणाला, "वेराबाईंशी जरा मिटवायचंय, मास्तर. आलोच." हे ‘आलोच’ दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी वेराबाईंच्या पत्राची प्रत घरी आली: ब्रॅकमाँटे यांनी मालाचे पैसे थकवले आहेत, ते चुकते होईपर्यंत या पत्त्यावर पुढचा माल मिळणार नाही.

मास्तर ते पत्र घेऊन अंगणात उभे राहिले, आणि हीच चूक झाली. कुंपणापलीकडे क्विगसाहेब निवडुंगाला पाणी घालत होते. क्विग हे निवृत्त वकील. सारी हयात बंदरावर जहाजांच्या टकरींचे खटले लढले, आणि जिथून समुद्र सहाशे मैल लांब अशा वाळवंटात सांध्यांच्या दुखण्यासाठी येऊन राहिले. कायदा डोक्यात ठासून भरलेला, पण इथे जहाजंच नाहीत. त्यामुळे कोणाच्याही हातात कागद दिसला की ते नळ बंद करून यायचे.

पत्र वाचून ते म्हणाले, "पैशासाठी माणसाच्या मागे लागू नका. परवान्याच्या मागे लागा. माल उचलून पैसे न देणाऱ्या कंत्राटदाराला खातं सोडत नाही. तक्रार गेली की तो सोमवारी सकाळी तुमच्या दारात उभा."

तक्रार करायची ती वेराबाईंनी, कारण पैसे त्यांचे. म्हणून मास्तर वखारीत गेले. वेराबाईंचे आजोबा सर्बियातून तांब्याच्या खाणीत मजुरीला आले होते, हे मास्तरांना ठाऊक होतं. ते कोणत्या बंदरातून आले हे ठाऊक नव्हतं, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. मग टाइल्सची माती कुठली, भट्टी किती तापते, एवढं सगळं होईपर्यंत दोन कप कॉफी आणि अक्रोडाच्या गोड रोलचे तीन काप झाले. मूळ मुद्दा निघाला तेव्हा वेराबाई उदास झाल्या. एकोणीस वर्षं त्या रामीरोला शब्दावर माल देत होत्या. आणि आता तो म्हणतो, की फुटका माल दिलात.

"त्याच्याच माणसाची पोच आहे माझ्याकडे. माल उत्तम मिळाला म्हणून सही केलीय," त्या म्हणाल्या. "तक्रार केलीही असती. पण तो फॉर्म अकरा पानी आहे."

अकरा पानी म्हटल्यावर मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी धड फॉर्म भरू दिला नव्हता. वेराबाईंच्या टेबलावर बसून त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही खाडाखोड न करता, तो फॉर्म भरला. जिथे ‘लागू नाही’ लिहायचं तिथे का लागू नाही तेही दोन ओळींत लिहिलं. वेराबाईंनी सही केली. कारकुनाने बिलं, पोच वगैरे कागद टाचणीने मागे लावले. अख्ख्या जगाची चौकशी करणाऱ्या या माणसाने तेवढे मागचे कागद पाहिले नाहीत, कारण पोस्ट बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. पाकीट त्यांनी स्वतः नेऊन टाकलं आणि घरी येऊन लोइसला सांगितलं, की आता बघ.

पुढे जे झालं ते खात्याच्या नियमाप्रमाणे झालं. खात्याने रामीरोला नोटीस पाठवली: दहा दिवसांत उत्तर द्या. पण सरकारी पाकीट घाईने उघडायचं नाही, असा रामीरोचा दंडक होता. ते गाडीत काचेखाली उन्हात ठेवायचं. त्याचा अनुभव असा, की निम्मी पाकिटं पिवळी पडेपर्यंत त्यातली भानगड आपोआप मिटते. हे मिटलं नाही. दहा दिवस गेले, उत्तर नाही, म्हणून खात्याने परवाना स्थगित केला.

रामीरो सोमवारी सकाळी दारात उभा राहिला, हे मात्र क्विगसाहेब म्हणाले होते तसंच झालं. हातात टोपी होती, आणि गाडीच्या दारावरच्या क्रमांकावर त्याने पुठ्ठा चिकटवला होता.

"मास्तर, आता मला तुमच्या घरात खिळासुद्धा ठोकता येत नाही. ठोकला तर गुन्हा."

लोइसने त्याच दिवशी पाच कंत्राटदारांना फोन केले. थंडी सुरू झाली की उत्तरेकडचे पैसेवाले म्हातारे इकडे येतात आणि येण्याआधी घरं नीट करून घेतात. पाचांपैकी चौघे जानेवारीपर्यंत अडकलेले, आणि पाचव्याच्या परवान्याबद्दल मास्तरांनाच शंका होती. पंधरा नोव्हेंबरला अठरा दिवस उरले होते.

रामीरोने मग कॉफी घेता घेता सगळं सांगितलं. चौदा खोक्यांतली खालची पाच उघडली तर आत चुरा. वेराबाई म्हणतात, तुझ्या माणसाने माल उत्तम म्हणून सही केली. त्याचा माणूस म्हणजे चुय, त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. बासष्ट वर्षांचा, आणि अख्ख्या जिल्ह्यात त्याच्यासारखी टाइल कोणी बसवत नाही. चुय म्हणाला, मी सही केलेली नाही. रामीरो म्हणाला, तू चष्मा लावत नाहीस, तुला काय कळणार. शब्दाने शब्द वाढला, रामीरोने त्याला खोटारडा म्हटलं, आणि चुय थापी धुऊन, पिशवीत घालून, सीमेपलीकडे मुलीकडे निघून गेला. तेव्हापासून रामीरोची बायको त्याला ताट वाढते, पण बोलत नाही.

"आणि कोणत्या शहाण्याने वेराबाईंना फॉर्म भरून दिला, देव जाणे," रामीरो म्हणाला. "त्या बाईला पाकिटावर पत्ता लिहायचा कंटाळा. अक्षर मात्र फार सुरेख होतं."

लोइसने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी साखरेच्या भांड्याकडे पाहिलं. त्यांना खरंच लाज वाटली होती, आणि थोडंसं, अक्षराबद्दल, बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते खात्याच्या जिल्हा कचेरीत गेले. खिडकीमागची बाई अतिशय गोड होती. आदेश निघाल्यावर तक्रार मागे घेता येत नाही, हे तिने त्यांना चार वेगवेगळ्या तऱ्हांनी आणि चारही वेळा हसून सांगितलं. एक मात्र होतं: परवानाधारकाला फेरसुनावणी मागता येते. त्याचा फॉर्म वेगळा. सात पानी. मास्तर तो घेऊन रामीरोकडे गेले आणि म्हणाले, की तुला वेळ नसेल तर मी भरून देतो. रामीरोला वेळच वेळ होता, पण फॉर्म भरण्यापेक्षा त्याने विहीर खणली असती. मास्तरांनी सातही पानं भरली, बाजू इतकी तळमळीने मांडली, की वाचून रामीरोच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर लोइस म्हणाली, "तू आता दोन्हीकडून भांडतोयस. हरलास तरी तूच जिंकणार."

चार नोव्हेंबरला सुनावणी झाली. राजधानीपर्यंत अडीच तासांचा रस्ता. एका गाडीत मास्तर, लोइस आणि क्विगसाहेब, मागच्या गाडीत रामीरो, त्यामागे वेराबाई. क्विगसाहेबांनी जहाजाचा नांगर कोरलेली बटणं असलेला निळा कोट घातला होता. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, पण तसं कोणी स्पष्ट सांगेपर्यंत ते उभेच होते.

न्यायाधीशबाई सडपातळ, शांत, वाचायचा चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी तक्रार वाचली. मग फेरसुनावणीचा अर्ज वाचला. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"तक्रार वेरा पोपोविच यांची. अर्ज ब्रॅकमाँटे यांचा," त्या म्हणाल्या. "अक्षर एकाच माणसाचं."

रामीरोने मान वळवली. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, की दोन्ही कागद मी लिहिलेत, मला न्हाणी पाहिजे होती. वेराबाई म्हणाल्या, फार मदत केली त्यांनी. रामीरोचे कान लाल झाले.

न्यायाधीशबाईंनी टाचणी काढली आणि मागच्या कागदांतून पोच वर घेतली. सगळं भांडण त्या वीतभर कागदावर अडलं होतं. माल तपासून घेतला असेल तर रामीरोने पैसे द्यायलाच हवेत, आणि परवाना गेला तो योग्यच गेला. त्यांनी विचारलं, ही सही कोणाची? रामीरो म्हणाला, माझ्या माणसाची, पण तो नाही म्हणतो. वेराबाई म्हणाल्या, आमचा गाडीवाला नवीन होता, कोणी सही केली त्याला आठवत नाही, पण ‘उत्तम’ हा शब्द मी स्वतः वाचलाय.

"नुसतं ‘उत्तम’ नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि संथपणे वाचू लागल्या. "‘माल उत्तम स्थितीत मिळाला. खोकी नीटनेटकी रचली. वेळेचं भान वाखाणण्याजोगं. अशीच प्रगती ठेवा.’"

कॉपर फ्लॅटमध्ये पन्नाशीच्या आतल्या निम्म्या माणसांच्या प्रगतिपुस्तकांवर मास्तरांच्या हातचा असाच शेरा होता. रामीरोच्या पुस्तकात शेवटचं वाक्य तेवढं कधी नव्हतं.

मास्तरांना तेव्हा ती सकाळ आठवली. छान ऊन पडलेलं. गाडीवाला घाम पुसत उभा, बिचारा नवीन. त्याने पोच लावलेली पाटी पुढे केली, तेव्हा आत रामीरो आणि चुय नळ जोडत होते. कशाला त्यांना हाक मारायची, म्हणून मास्तरांनी पेन घेतलं. एकही खोकं उघडून पाहिलं नाही. माणूस दमूनभागून सामान घेऊन येतो, त्याला दोन चांगले शब्द लिहून द्यावेत, ही त्यांची जन्माची सवय. दात काढणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी लिहून दिले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे मास्तरांनी कळसा पाकिटात घालून स्वतःच्या हाताने खात्याला पाठवला होता.

गप्प बसता आलं असतं. सही गिचमिड होती, चुय सीमेपलीकडे होता. मास्तर पुन्हा उभे राहिले.

"तेही अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "मी पाहिलंच नाही आत काय आहे ते. चुय खरं बोलत होता."

क्विगसाहेब खाली बसले.

बाहेरच्या व्हरांड्यात रामीरोने चुयला फोन लावला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी चुयला सगळं सांगितलं, माफी मागितली. चुय शांतपणे म्हणाला, की मास्तर, तुम्ही मला खोटारडा म्हणाला नव्हतात, ज्याने म्हटलं त्याला द्या. रामीरोने फोन घेतला आणि जिन्याच्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा त्याचं नाक लाल होतं. चुय येणार होता, पण नातीचं बारसं उरकून, अठरा तारखेला.

निकाल रामीरोच्या बाजूने लागला. परवाना परत मिळणार, पण आदेश लागू व्हायला कामाचे दहा दिवस. मध्ये एक सरकारी सुट्टी. मास्तरांनी बोटांवर मोजलं: एकोणीस नोव्हेंबर. चार दिवसांनी चुकत होतं. लोइस नुसती पर्स उघडून बंद करत राहिली. ते पाहून मास्तर पुन्हा न्यायाधीशबाईंकडे गेले. त्यांना विचारायला एवढंच सुचलं, की परवान्याशिवाय टाइल कोणालाच बसवता येत नाही का.

"स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने काम करायला परवाना लागत नाही," त्या कागद गोळा करत म्हणाल्या. "अक्कल लागते. पण ती तपासायचा अधिकार या खात्याला नाही."

अशा रीतीने, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वेंडेल मास्तर थापी घेऊन जमिनीवर बसले. वेराबाईंनी नव्या टाइल्स स्वतःच्या गाडीतून आणल्या. फुटक्यांचे पैसे मास्तरांनी आधीच टेबलावर ठेवले होते. त्यातले निम्मे वेराबाईंनी परत सारले आणि म्हणाल्या, की गाडीवाला माझा होता. रामीरो दारात घडीची खुर्ची टाकून बसला, हात काखांत दाबून. त्याने कशालाही हात लावायचा नाही, हे ठरलं होतं. बोट दाखवलं तर चालेल का, यावर क्विगसाहेबांनी एक अख्खी दुपार विचार केला आणि मत दिलं, की धक्क्यावरून ओरडणाऱ्याला कोणताही कायदा खलाशी म्हणत नाही.

मग रामीरो ओरडला. मास्तर आजवर ज्याच्या ज्याच्यावर ओरडले असतील त्या सगळ्यांच्या वतीने ओरडला. सिमेंटचा मसाला पातळ झाला, मास्तर. तो घट्ट झाला, मास्तर. हातात घेतलीय ती थापी आहे, खडू नाही. सगळ्यांत अवघड होता जमिनीचा ढाळ. उंबरा नसलेल्या न्हाणीत सगळं पाणी चारी बाजूंनी जाळीकडेच जायला पाहिजे, आणि तो उतार चालणाऱ्या पायाला कळताही कामा नये. मास्तरांनी जगातल्या सगळ्या नद्यांची खोरी मुलांना घोकायला लावली होती, पण पाच फुटांच्या जमिनीवर पाणी त्यांचं ऐकेना. पहिल्यांदा ते दाराकडे गेलं. उखडलं. दुसऱ्यांदा कोपऱ्यात तळं साचलं. उखडलं. तेरा तारखेला तिसऱ्यांदा पेलाभर पाणी ओतलं तेव्हा रामीरो खुर्चीवरून उठून गुडघ्यांवर बसला, गाल जमिनीला टेकवून एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या. आता हात लावू नका."

चौदा तारखेला केंद्राची बाई आली. तिने दार मोजलं, उंबरा नाही हे पाहिलं, आणि भिंतीतले दांडे ओढले. मास्तर म्हणाले, थांबा, आणि दोन्ही पाय वर घेऊन स्वतः दांड्याला लटकले. ती म्हणाली, त्याची गरज नव्हती. टाइल्सची तिसरी ओळ जरा वाकडी आहे, हे तिच्या लक्षात आलं, पण वाकड्या ओळीसाठी तिच्या कागदावर रकाना नव्हता.

पंधराला सकाळी ऑगस्टाबाई घरी आल्या. चाकांच्या वॉकरवर रेलत त्यांनी हॉल पाहिला, मांजर पाहिली, मग न्हाणीच्या दारात थांबून बराच वेळ ती तिसरी ओळ पाहिली. कोणी केलं, असं विचारलं. मास्तर म्हणाले, मी. त्यांनी टॉवेल मागून घेतला, लोइस मागोमाग आत जाऊ लागली तेव्हा तिला हाताने थोपवलं, आणि दार लावून घेतलं.

बाहेर तिघंही उभी राहिली. रामीरोही आला होता, उगाच, कामासाठी नव्हे. पाणी सुरू झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दाराच्या फटीतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही, रामीरो वाकून वाकून पाहत होता. वीस मिनिटं झाली. आतून कसलाच आवाज नाही, फक्त पाणी. लोइसचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांना दांड्यांचे खिळे एकेक करून आठवू लागले. पंचवीस मिनिटांनी लोइसने दारावर थाप मारली आणि रडव्या आवाजात विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना? मी आत येऊ?"

पाणी बंद झालं नाही. ऑगस्टाबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत नव्हता, आणि मास्तरांनी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"नको. अकरा आठवडे मला दोन-दोन बायका धूत होत्या. आज मी एकटी आहे. जरा राहू द्या मला."

लोइसने दारावरचा हात काढून घेतला. तिघंही स्वयंपाकघरात जाऊन बसली, आणि घरातलं गरम पाणी संपेपर्यंत कोणी उठलं नाही.